चार अंशांची नोंदवही

३ मार्च, सोमवार

नवी वही सुरू केली. दुकानदाराने रेघांची म्हणून गळ्यात मारली, पण रेघा इतक्या फिक्या की असून नसल्यासारख्या. हल्ली शाईतसुद्धा काटकसर करतात.

आज ती रुजू झाली. मोठे साहेब स्वतः तिला घेऊन लसभांडारात आले. गेल्या बावीस वर्षांत साहेब लोक या खोलीत आले ते फक्त उन्हाळ्यात, गार वाटतं म्हणून. "ताई, या आपल्या नव्या तंत्रज्ञ," म्हणाले. अंबाड्यात पिवळी पेन्सिल खोचलेली. लिहायला काढते, लिहून झालं की परत खोचते. मी मनातल्या मनात तिचं बारसं करून टाकलं, पेन्सिलबाई.

मग पेन्सिलबाईंनी मला अर्धा तास समजावलं की लस कारखान्यातून निघाल्यापासून सुईत भरेपर्यंत दोन ते आठ अंशांतच राहिली पाहिजे, आणि उन्हापेक्षाही गोठण्याची भीती जास्त, एकदा गोठलेली लस टोचली काय आणि पाणी टोचलं काय. हे मला सांगितलं. मला! आठ अंश गेले खड्ड्यात, माझं डोकं पन्नासावर गेलं. साहेब मान डोलावत होते, जणू पहिल्यांदाच ऐकताहेत. खरं तर हेच मी त्यांना ते नवे असताना सांगितलं होतं.

सात फ्रिज, दोन फ्रीझर, नऊ किल्ल्या. किल्ल्या माझ्या कमरेला आहेत आणि तिथेच राहतील.

६ मार्च, गुरुवार

पेन्सिलबाईने सातही फ्रिजमध्ये एकेक पांढरी डबी ठेवली. डबी दर पाच मिनिटांनी तापमान टिपते आणि काही बिघडलं की हिच्या फोनवर बोंब मारते. वर लाल दिवाही लुकलुकतो. साहेब तर त्या डबीच्या प्रेमातच पडले आहेत. म्हणाले, "आता नोंदवहीची फारशी गरज उरणार नाही, ताई. पण सवय आहे तर लिहा."

सवय आहे तर लिहा. जसं काही मी नखं खाते.

सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, झाकण उचलायचं, थर्मामीटर पाहायचा, वहीत आकडा लिहायचा, सही करायची. एकही दिवस चुकवलेला नाही. आज सातही फ्रिज चार अंश. नव्या थर्मामीटरांतली लाल रेघ मात्र अगदी केसासारखी. रंगसुद्धा पातळ करून भरतात वाटतं. पण माझ्या हाताला माहीत आहे. झाकण उचललं की जो गारवा तोंडावर येतो त्यावरून मी अंश सांगते.

१० मार्च, सोमवार

आज मात्र तिला पाणी पाजलं. लसपेट्या भरायच्या होत्या. फ्रीझरमधून काढलेले आईस पॅक तसेच पेटीत टाकले तर लस गोठते; ते आधी टेबलावर मांडून ठेवायचे, त्यांना घाम फुटू द्यायचा. पेन्सिलबाई घड्याळ लावून बसली. मी एकेक पॅक कानाशी धरून हलवला. आत पाणी खुळखुळलं की तयार. "हा झाला. हा नाही. हा झाला." पंचवीस पॅक दोन मिनिटांत.

ती तोंडाचा आ करून बघत राहिली. म्हणाली, "ताई, मला शिकवाल?"

शिकवलं. वाटलं, बरी आहे पोरगी. दुपारी बघते तर भिंतीवर तिने मोठ्या अक्षरांत तक्ता लावलेला, 'आईस पॅक कानाने कसा ओळखावा'. आणि साहेब तक्त्यासमोर उभे राहून म्हणतात, "वा, काय निरीक्षण आहे तुमचं." तिने म्हणे सांगितलं, "हे ताईंचं आहे, सर," पण ते सांगताना आवाज किती बारीक! मला तर ऐकूही आलं नाही, यांनी नंतर सांगितलं.

१३ मार्च, गुरुवार

हे म्हणजे आमचे हे. लसगाडी चालवतात. एकोणीस वर्षं एकाच आवारात नोकरी, एकच डबा, एकच रस्ता. बोलण्याचं काम घरात मी करते, हे ऐकतात. अशी आमची वाटणी आहे आणि कुणाची तक्रार नाही.

आज मी आवारात गेले तर हे गाडीला टेकून उभे, समोर पेन्सिलबाई, आणि हे बोलताहेत. भरभरून. हातवारे करून! मी जवळ गेले तशी दोघंही गप्प. "काय चाललंय?" म्हटलं. "काही नाही, टायरमध्ये हवा कमी वाटत होती," हे म्हणाले. टायरबद्दल हातवारे करणारा माणूस मी आजवर पाहिला नाही.

पायरी उतरताना एक पायरी चुकले आणि आपटता आपटता वाचले. राग आला की माझं लक्ष राहत नाही. घरी येऊन यांच्या सदऱ्याचं बटण लावायला घेतलं, तर सुईत दोरा जाईना. सुयाही आताशा बिननेढ्याच्या करतात की काय. शेवटी यांनी ओवून दिला. नुसते माझ्याकडे बघत राहिले. मनात पाप असलं की माणूस असाच गुळमुळीत वागतो.

१५ मार्च, शनिवार

सदरा धुवायला काढला. खिशात चिठ्ठी.

उन्हात धरून वाचली. पेन्सिलीने लिहिलेली आहे. मोठं, गोल अक्षर, तिचंच. "शनिवार २९, सकाळी अकरा. ताईंना आधी सांगू नका." वर काहीतरी बारीक छापलेलं होतं, कुठल्यातरी दुकानाची जाहिरात असेल.

चिठ्ठी होती तशी खिशात ठेवली. सदरा तसाच खुंटीला लावला. मळलेलाच घालू दे.

आज मला वाईट वाटतंय हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे सांगणार? मी काही तरुण नाही. दिसायला कधीच विशेष नव्हते. पण भांडारात माझ्याशिवाय पान हलत नाही आणि घरात माझ्याशिवाय यांचं पान हलत नाही, एवढ्या दोन गोष्टींवर माझा सगळा तोरा होता. तिने दोन आठवड्यांत दोन्हीला हात घातला.

१८ मार्च, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत भांडारात कुणी नव्हतं. पाच नंबरचा फ्रिज उघडला. हे फ्रिज पेटीसारखे, वरून झाकण; तळाला बर्फाचं अस्तर, त्यामुळे तळ सर्वांत गार. म्हणून नाजूक लस वरच्या टोपलीत ठेवतात. पेन्सिलबाईची डबीही टोपलीतच होती. ती उचलली आणि तळाशी ठेवली. लसीला धक्का लावला नाही, तेवढं पाप मी करणार नाही. फक्त डबी.

बघू आता किती हुशार आहे.

१९ मार्च, बुधवार

झालं! आज तिची सुट्टी होती. रात्रभर तळ आणखी गार होत गेला आणि सकाळी डबीने तिच्या फोनवर बोंब मारली असणार, बाई रिक्षाने धावत आली. अंबाडाही धड बांधला नव्हता. तिने परस्पर साहेबांनाही फोन केला होता, ते बैठक सोडून आले. झाकण उघडलं, टोपलीतला थर्मामीटर पाहिला, अगदी छान चार. साहेब म्हणाले, "तुमची डबी आहे की लांडगा आला रे आला? पुढच्या वेळी मला बोलवण्याआधी नीट खात्री करा." सगळ्यांसमोर.

माझ्या पोटात गार गार वाटलं.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. साहेब गेल्यावर तिने तळातून डबी उचलली, टोपलीत ठेवली, माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मग केसांतली पेन्सिल काढून माझ्या नोंदवहीवर वाकली, काहीतरी केलं, आणि पेन्सिल परत खोचली. मी नंतर पान डोळ्याला लावून पाहिलं, काही दिसलं नाही.

२४ मार्च, सोमवार

तीन दिवसांचा दौरा. लांबच्या सहा दवाखान्यांना लस पोचवायची आणि तिथले फ्रिज तपासायचे. गाडी यांची, तपासणी तिची. पहाटेच निघाले. तीन दिवस ती दोघं एका गाडीत. गाडीत दोनच सीट आहेत, हे मी एकोणीस वर्षं पाहते आहे, आजच का खुपावं?

जाताना हे म्हणाले, "सांभाळून राहा. पायऱ्यांवर दिवा लाव." मी म्हटलं, "दिवसाढवळ्या कशाला?"

पेन्सिलबाई म्हणाली, "ताई, तिकडे फोन लागत नाही म्हणतात. डबीचा लाल दिवा लागला तर साहेबांना सांगाल ना?"

"सांगेन की," म्हटलं. "तुझी डबी रडली तर कडेवर घेईन."

त्यांची गाडी गेल्यावर भांडारात परत आले. पाच नंबर आठ अंशांवर! डोळे चोळून पुन्हा पाहिलं, रेघ आठापाशीच. पहाटे पेट्या भरायच्या घाईत हिने झाकण नीट लावलं नसणार. बटण गारव्याकडे दोन घरं फिरवलं. वहीत सकाळचे आठ लिहिले, सही केली. संध्याकाळी रेघ काही केल्या सापडेना, पण दोन घरं फिरवल्यावर जिथे यायला हवी तिथेच असणार. चार लिहिले.

२५ मार्च, मंगळवार

पाच नंबरच्या डबीवर लाल दिवा लुकलुकतोय. रडू दे. गेल्या वेळी रडली तेव्हा काय निघालं ते साहेबांनी पाहिलंच आहे. त्यांना कळवून माझंही हसं करून घेऊ?

सकाळी चार, संध्याकाळी चार.

आत्ता कुठे असतील? कुठल्यातरी दवाखान्याच्या ओट्यावर चहा पीत असतील. हे तिला हातवारे करून टायर समजावत असतील.

२६ मार्च, बुधवार

दुपारी परतले. गाडी फाटकातून आत आली ते मी आवाजावरून ओळखलं. पेन्सिलबाई गाडीतून उतरली ती धावतच. वाटेत फोन लागायला लागला आणि दोन दिवसांच्या बोंबा एकदम येऊन पडल्या. "ताई, पाच नंबर शून्याच्या खाली आहे. परवापासून."

"वहीत चार आहेत," मी म्हटलं. "गेली बावीस वर्षं वहीत जे आहे तेच फ्रिजमध्ये असतं."

तिने झाकण उघडून पाहिलं आणि बटण मागे फिरवलं. "आत्ताही उणे आहे, ताई."

"थर्मामीटर बाहेर काढलास की रेघ हलतेच."

उद्या सकाळी याच फ्रिजमधल्या चारशे ऐंशी कुप्या दवाखान्यांना जायच्या आहेत. साहेब आले. एकदा फसलेला माणूस, आधी तिच्याच अंगावर आले. ती म्हणाली, "सर, मला दोष द्या, पण हलवून पाहण्याची चाचणी झाल्याशिवाय एकही कुपी जाऊ देऊ नका."

मी म्हटलं, "मीच करते." ही चाचणी या आवारात सगळ्यांना मी शिकवली आहे. संशयातल्या लसीतलीच एक कुपी मुद्दाम गोठवायची, मग ती आणि संशयातली एक, दोन्ही एकदम हलवून शेजारी शेजारी ठेवायच्या. गोठलेल्या कुपीत चोथा खाली बसतो आणि वर निवळ पाणी येतं. चांगली कुपी दुधाळच राहते.

एक कुपी मी स्वतः चिठ्ठी चिकटवून फ्रीझरमध्ये ठेवली. उद्या साहेबांसमोर डबी खोटी ठरेल आणि मग किल्ल्यांचा विषय कुणी काढणार नाही. कारण तो निघाला आहे. साहेब आज जाता जाता म्हणाले, "ताई, वहीत चूक असेल तर भांडार या तंत्रज्ञ बाईंकडे द्यावं लागेल." 

२७ मार्च, गुरुवार

जे झालं ते झालं तसं लिहिते.

सकाळी फ्रीझरमधून कुपी काढली. दगड झाली होती. हाताच्या उबेने विरघळू दिली. साडेदहाला साहेब, हे आणि पेन्सिलबाई खिडकीपाशी जमले. गाडी बाहेर मागचं दार उघडून तयार होती. मी दोन्ही कुप्या एका मुठीत धरल्या, हलवल्या, खिडकीच्या फळीवर ठेवल्या. डावीकडची गोठवलेली, उजवीकडची पाच नंबरमधली. अर्धा तास तशाच राहू दिल्या.

मग मी वाकले. उजवीकडची पाहिली. दुधाळ. माझा जीव भांड्यात पडला. डावीकडची पाहिली. म्हटलं, "दोन्ही एकसारख्या दुधाळ आहेत. पाठवा गाडी."

साहेबांनी यांच्याकडे पाहिलं. हे जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, बायको जिंकली म्हणून वाईट वाटतंय याला.

आणि तेव्हा मी आत्ताच काय बोलले ते माझं मलाच ऐकू आलं. दोन्ही दुधाळ. डावीकडची कुपी दुधाळ असूच शकत नव्हती. ती मी गोठवली होती, दगड झालेली मी काढली होती. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत आले आहे, गोठवलेल्या कुपीत निवळ पाणी दिसलंच पाहिजे, नाही दिसलं तर चूक पाहणाऱ्याची.

पुन्हा वाकले. कुपी नाकाला लागेपर्यंत जवळ घेतली. दुधाळ. खिडकी दुधाळ. साहेबांचा चेहरा दुधाळ. किती दिवसांपासून सगळंच तसं आहे, मी आठवायचा प्रयत्न केला आणि मला आठवेना.

दोन्ही कुप्या पेन्सिलबाईच्या हातात दिल्या. "तू वाच."

ती अगदी हळू म्हणाली, "ताई, दोन्ही निवळल्या आहेत."

म्हणजे चारशे ऐंशी कुप्या गेल्या. मी सही करून पाठवल्या असत्या, तर दवाखान्यादवाखान्यांत आयांनी रांगा लावून लेकरांच्या मांडीत पाणी टोचून घेतलं असतं आणि निर्धास्त घरी गेल्या असत्या. यांनी स्टूल पुढे केलं. मी बसले नाही. बसले असते तर पुढचं बोलता आलं नसतं.

"साहेब, सोमवारी बटण मी फिरवलं. लाल दिवा पाहिला होता, तरी सांगितलं नाही. आणि अठरा तारखेला डबी तळाशी मीच ठेवली होती. हिला तोंडघशी पाडायला."

पेन्सिलबाई म्हणाली, "डबीचं मला तेव्हाच कळलं होतं. तिच्या नोंदीत दिसत होतं, झाकण एक वाजून दहा मिनिटांनी उघडलं होतं. त्या वेळी किल्ली तुमच्याशिवाय कुणाकडे असणार?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही मला आईस पॅक शिकवणं सोडलं असतं. मला अजून नीट ऐकू येत नाही तो आवाज."

मी कमरेच्या किल्ल्या सोडल्या. गाठ सुटेना. शेवटी यांनी सोडवून दिली. कुणी मागायच्या आत मी त्या तिच्या हातावर ठेवल्या आणि बाहेर येऊन गाडीच्या पायरीवर बसून रडले. चांगली भरपूर रडले.

२९ मार्च, शनिवार

सकाळी हे म्हणाले, "चल, जरा बाहेर जाऊन येऊ." मी म्हटलं, "अकरा वाजता ना? चिठ्ठी वाचली आहे मी."

यांचा चेहरा पडला. खिशातून चिठ्ठी काढून मला वाचून दाखवली. वर बारीक अक्षरात छापलेलं होतं डोळ्यांच्या दवाखान्याचं नाव. ज्याला मी दुकानाची जाहिरात समजले ते.

"तू गाडीचा नंबर ओळखेनाशी झालीस," हे म्हणाले. "आवाजावरून ओळखतेस. मी डोळ्यांचा विषय काढला की अंगावर येतेस. म्हणून तुमच्या त्या नव्या बाईंना विचारलं. त्यांच्या आईचंही असंच झालं होतं."

"आणि मी काय समजले माहीत आहे का?"

"काय?"

सांगितलं. एकोणीस वर्षांत हा माणूस इतका हसलेला मी पाहिला नव्हता. मला राग आला, कारण इतकं हसण्यासारखं त्यात काय होतं? आपण कुणाला आवडू शकतो, यावर त्यांचाच विश्वास नाही असं दिसतंय.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, "काम कसं करत होतात?" मी म्हटलं, "सवयीने."

२८ एप्रिल, सोमवार

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात. आज कामावर गेले. भांडार तिच्याकडे आहे, माझ्याकडे पेट्या भरणं आणि शिकवणं. साहेबांचं पत्र आलं, त्यात माझ्या चुकीची नोंद आहे. असायलाच हवी.

तिला आज पहिल्यांदा पाहिली असं म्हणायला हरकत नाही. कपाळाशी पांढरे केस आहेत, डोळ्यांखाली काळं. पोरगी नाही, माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी लहान असेल. जळायचं ते इतके दिवस कुणावर जळले, देव जाणे. तिच्या कमरेला किल्ल्या वाजल्या तेव्हा मात्र पोटात कळ आली. ती काही ऑपरेशनने जायची नाही.

दुपारी जुनी नोंदवही मागितली. ती म्हणाली, "राहू दे ना, ताई." मी म्हटलं, "दे."

पानंच्या पानं चार. सकाळी चार, संध्याकाळी चार. माझ्या सह्या रेघा सोडून खाली घसरलेल्या. आणि मार्चच्या सहा तारखेपासून प्रत्येक चारच्या शेजारी, कोपऱ्यात, पेन्सिलीने मुंगीएवढा आकडा. तीन पूर्णांक दोन. पाच पूर्णांक एक. दोन पूर्णांक आठ. मी घरी गेल्यावर रोज संध्याकाळी आणि मी यायच्या आधी रोज सकाळी ती फोनवर डबीचा आकडा पाहत होती, फ्रिज ठीक आहे ना, आणि माझ्या आकड्याला हात न लावता शेजारी खरा लिहीत होती.

चोवीस मार्चपासून सव्वीसच्या दुपारपर्यंत पेन्सिल नव्हती. तिथे फक्त मी होते.

तिच्याकडून डबीच्या नोंदींचा कागद मागून घेतला. पाच नंबरच्या त्या तीन दिवसांच्या माझ्या आकड्यांवर एकेक रेघ मारली आणि शेजारी शाईने लिहिलं. सकाळी तीन. संध्याकाळी शून्य. उणे दोन. उणे दोन. उणे तीन. म्हणजे मी आठ वाचले तेव्हा ते तीन होते, बटणाला हात लावायचं कारणच नव्हतं. खाली आजची तारीख घातली, सही केली. सही रेघेवर बसली.